पाटनचे बिननावाचे अर्ज

हिंदी मुलखातल्या एका शहरात, चेरीताल नावाच्या वस्तीतल्या एका गल्लीत सत्यवती गजभियेला सगळे मॅडम म्हणत, तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. एका खाजगी क्लासमध्ये तिनं एकोणीस वर्षं मुलींना टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवला होता. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी क्लास बंद झाला. जागा रिकामी करताना मालक म्हणाला, अकरा कॉम्प्युटर कबाडी उद्या भंगारात नेणार आहे, तुम्हाला हवे तर आज उचला. सत्यवतीनं दोन ऑटो केले.

फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील दारात उभे राहून एकेक डबा उतरताना पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काहून आणलं हे?"

"चालतात अजून," ती म्हणाली.

वडिलांचा सगळा जन्म जुन्या यंत्रांना नवे भाग बसवण्यात गेला होता. त्यांना एवढं उत्तर पुरलं. त्यांनी पुढच्या खोलीतला आपला दिवाण मागं हलवला.

यंत्रं चालत होती, पण कामाची नव्हती. पंधरा-सतरा वर्षांपूर्वीची, मेमरी एक जीबी. नवं विंडोज त्यांच्यात बसत नव्हतं आणि जुन्यावर सरकारी साइटी उघडत नव्हत्या. सत्यवतीनं लिनक्स घातलं. लिनक्स कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. ज्याला कळतं त्यानं ते सुटं करावं आणि आपल्याला हवं तसं जोडून घ्यावं. तिला तेव्हा सुटं करणं येत नव्हतं. दुसऱ्यांनी जोडलेलं आयतं घेऊन तिनं दीड वर्ष काढलं. खोलीत सकाळी सहा आणि दुपारी सहा मुली यायला लागल्या. बहुतेक जणी सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या हिंदी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या होत्या.

मग त्या आयत्या प्रणालीवाल्यांनी जाहीर केलं की इतकी जुनी यंत्रं यापुढं आम्ही सांभाळणार नाही. दुसरी पाहिली, तिनंही हात सोडला होता. तिसरी चालत होती, पण तिच्यात परीक्षेला लागतो तो हिंदी कीबोर्ड नव्हता. तेव्हा सत्यवतीनं ठरवलं की आता आपणच जोडायचं.

त्याला दोन वर्षं लागली. डेबियन नावाच्या जुन्या, भरवशाच्या लिनक्सचा नुसता सांगाडा तिनं घेतला आणि त्यावर एकेक गोष्ट चढवत गेली: हलका डेस्कटॉप, लिहिण्या-हिशेबाचं ऑफिस सॉफ्टवेअर, ब्राउझर, हिंदी-मराठीचे फॉन्ट, टायपिंगचा सराव, बाजारात मिळतील त्या जुन्या प्रिंटरांची सोय. कमी काही द्यायचं नाही, हा तिचा हट्ट होता. जुन्या यंत्रावर बसणाऱ्या मुलीला अर्धवट कॉम्प्युटर का द्यायचा, असं ती म्हणे. प्रत्येक वेळी सगळं एकत्र बांधून पेनड्राइव्हवर घ्यायला चार तास लागत, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा सगळं नीट बांधलं गेलं, फक्त आवाज येईना. एकदा आवाज आला आणि कीबोर्डवरचा 'क्ष' गेला. ती वहीत लिहून ठेवी आणि पुन्हा बांधी.

बांधून झालेल्या प्रणालीला तिनं ताल हे नाव दिलं. चेरीतालमधला ताल, म्हणजे तलाव. मुलींना वाटलं तबल्याचा. तिनं कुणाला दुरुस्त केलं नाही.

बोलबाला हळूहळू झाला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्यानं आपला कॉम्प्युटर आणला, मग एका शाळेनं चार आणले. आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये पाटन या जवळच्या तालुक्याच्या गावाहून गणपतराव लांजेवार आले. पासष्टीचे, सडपातळ, पांढरा शर्ट. पाटनच्या तहसीलीसमोर टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले होते, म्हणून घरात मराठी होती. कॉम्प्युटर त्यांनी तागाच्या पोत्यात गुंडाळून बसनं आणला होता.

"लई हळू चालून राहिला," ते म्हणाले. "एक अर्ज उघडेपर्यंत माणूस जाऊन चहा पिऊन येते."

आत कामाचं काही आहे का, असं तिनं विचारलं. सगळं कामाचंच आहे, अकरा वर्षांचे अर्ज आहेत, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा तिनं समजावलं की आत्ता डिस्कला हात लावायचा नाही. ताल पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवते, आवडलं तर आधी अर्ज दुसरीकडे काढून ठेवू, मग बसवू. ठरलं होतं ते असं.

तालचा पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर दोन ओळी येत. एक, नुसतं चालवून पाहा. दुसरी, डिस्क पुसून बसवा. कुणी काहीच दाबलं नाही तर दहा सेकंदांनी दुसरी ओळ आपोआप सुरू होई, आणि पुढं एकही प्रश्न विचारत नसे. हे सत्यवतीनंच तसं केलं होतं. अकरा रिकाम्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा बसवताना दर वेळी बटणं दाबत बसायला नको म्हणून.

तिनं पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबणार, तोच कोपऱ्यातल्या मुलीनं हाक मारली की प्रिंटरमध्ये कागद अडकला. कागद काढून ती परत आली तेव्हा पडद्यावर हिरवी पट्टी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली होती. तिनं सरळ वायर उपटली.

गणपतराव बाहेर खुर्चीवर बसून वडिलांशी बोलत होते. सत्यवती दारात गेली. काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला तिला वेळ मिळाला नाही, आणि तिनं तो घेतलाही नाही.

"काका, तुमचे अर्ज माझ्या हातून पुसले गेले."

"किती?" त्यांनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही. काही परत निघतील. सगळे निघतील असं मी म्हणत नाही."

"लोक तीन-तीन वर्षांनी येतात, बाई," ते म्हणाले. "म्हणतात, मागचा अर्ज काढा, त्याची नक्कल पाहिजे. मी त्यांना काय सांगू?"

सत्यवतीनं त्यांचा फोन नंबर वहीत लिहून घेतला. गणपतराव उठले, रिकामं पोतं घडी करून काखेत घेतलं आणि बस पकडायला निघाले.

त्या दिवशी तिनं मुलींना सुट्टी दिली. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि आधी तिची जशीच्या तशी प्रत काढली, म्हणजे यापुढची चूक तरी मूळ डिस्कवर होणार नाही. मग त्या प्रतीवर पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. तीन हजारांवर फायली निघाल्या. पण असा प्रोग्राम फाइलीचं पोट ओळखतो, नाव नाही. गणपतरावांनी प्रत्येक अर्जाला माणसाचं आणि गावाचं नाव दिलेलं होतं. आता तिथं नुसते आकडे होते. वर ते सगळे जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेले. तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि त्यात नाव शोधायचं म्हटलं तर सापडत नाही.

तिनं फोन करून हे सांगितलं. गणपतराव दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. तिनं एक फाइल उघडली आणि फॉन्ट शोधते म्हणाली. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या काल्याकडे पाहून वाचायला सुरुवात केली. प्रार्थी अमुक, वल्द तमुक, ग्राम अमुक, बटवारा, म्हणजे वाटणी. सत्यवतीला वाटलं ते आठवून सांगत आहेत. तिनं दुसरी उघडली. तीही त्यांनी वाचली.

"तुम्हाले हे दिसते?"

"बोटांना माहीत आहे," ते म्हणाले. "कोणती कळ दाबली का कोणतं अक्षर येते, ते."

चार दिवस दोघं असेच बसले. ते वाचत, ती फाइलीला नाव देत असे. दिवसाला शंभर-सव्वाशे होत. पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की 'प्रार्थी', म्हणजे अर्जदार, हा शब्द प्रत्येक अर्जात त्याच काल्यात येतो आणि त्याच्या पुढं नाव, त्याच्या पुढं गाव असतं. गणपतरावांची लिहिण्याची रीत अकरा वर्षांत बदलली नव्हती. तिनं त्यांना एकेका अक्षराची कळ विचारून कागदावर तक्ता केला. त्या तक्त्यावरून दोन दिवसांत एक लहानसा प्रोग्राम लिहिला, जो काला वाचून त्याची साधी हिंदी करी आणि फाइलीला माणसाचं नाव देई. तो लावला, आणि पडद्यावरच्या खिडकीत नावं एकाखाली एक उतरायला लागली. गणपतराव खुर्ची पुढं ओढून पाहत होते. एखाद्या नावापाशी ते हळूच म्हणत, हा वारला, किंवा हिचं काम झालं.

शेवटी गणपतरावांजवळच्या गिऱ्हाइकांच्या बिनतारखेच्या यादीशी जुळवून पाहिलं तर चारशेच्या आसपास अर्ज गेलेच होते. डिस्कच्या ज्या भागावर हिरवी पट्टी फिरली होती, तिथले.

त्यातला एक चंपाबाईचा होता, पाटनजवळच्या खेड्यातल्या एका विधवेचा. दिरानं शेताच्या कागदावरून तिचं नाव काढून टाकलं होतं, त्याविरुद्धचा. पावसाळ्यात तिची पेशी, म्हणजे सुनावणी, होती आणि वकिलाला जुन्या अर्जाची नक्कल हवी होती. गणपतरावांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा सत्यवतीनं विचारलं, ती कधी येणार आहे. सोमवारी, ते म्हणाले. सोमवारी सत्यवती पाटनला गेली.

तहसीलीसमोर चंपाबाई बाकावर बसली होती. गणपतरावांनी ओळख करून दिली नाही, ती सत्यवतीनं स्वतःच करून घेतली. जे झालं ते हिंदीत, सरळ सांगितलं. चंपाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"गलती तुमसे हुई है ना?"

"हाँ, मुझसे."

"तो मेरे साथ चलो अंदर," चंपाबाई म्हणाली. "मुझे पढ़ना नहीं आता."

अभिलेख-कक्षातून मूळ अर्जाची नक्कल काढायची तर तारीख लागत होती आणि तारीख कुणालाच नक्की आठवत नव्हती. सत्यवती सात आठवड्यांत पाच वेळा पाटनला गेली. बाबूनं दोनदा कागदांचं चुकीचं बासन काढलं. पाचव्या वेळी नक्कल मिळाली, पेशीच्या आठ दिवस आधी. चंपाबाईनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि निघून गेली. आभार मानले नाहीत. तिनं मानावेत असं सत्यवतीलाही वाटलं नव्हतं. पेशीत पुढची तारीख पडली. तो खटला अजून चालू आहे.

तालमधली दहा सेकंदांची ती सोय सत्यवतीनं काढून टाकली. आता काही दाबलं नाही तर यंत्र नुसतं थांबून राहतं. बसवायचं म्हटलं तर आधी डिस्कवर काय काय आहे ते मोठ्या अक्षरात दाखवतं आणि 'पुसा' हा शब्द पूर्ण टाइप केल्याशिवाय पुढं जात नाही. मुली म्हणतात, मॅडम, यात फार वेळ जातो. ती म्हणते, जाऊ दे.

काला वाचणारा तो प्रोग्राम तालमध्येच राहिला. गणपतरावांनी शेजारच्या टेबलांवरच्या अर्जनवीसांना सांगितलं आणि पाटनच्या तहसीलीसमोरच्या चार टेबलांपैकी तीन टेबलांवर आता ताल चालतो. चौथ्या टेबलावरचा माणूस अजून टाइपरायटरवर लिहितो.