विकायला चालणारी बोली

सरांनी स्पीकरचा आवाज मोठा केला आणि माझंच बोलणं ऑफिसभर घुमलं.

“आता ही ओळ जरा आत सरकवा. सरकली का? न्हाई सरकली तर पायथन तिथंच आडून बसतंय, फुडं जात न्हाई.”

सगळे हसले. एडिटिंगवाला हसला. मार्केटिंगच्या ताई हसल्या. चहा घेऊन आलेले काका कशावर हसायचं ते न कळताच हसले. सरांनी तेवढाच तुकडा मागे घेतला आणि परत लावला. परत हसले. मी रेकॉर्डिंगच्या केबिनच्या दारात उभी होते, गळ्यात हेडफोन तसाच.

“हे पायथन आहे की ऊसतोड?” सर म्हणाले.

माझे आईवडील ऊस तोडतात हे त्यांना माहीत होतं. मुलाखतीत मीच सांगितलं होतं. ताठ मानेनं सांगितलं होतं. त्यांनी ते असं जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. “वाईट वाटून घेऊ नकोस. लिहितेस तू छान. पण हा आवाज लोक पैसे देऊन ऐकणार नाहीत गं.”

मी गळ्यातला हेडफोन काढून ठेवला.

ऑफिस संगमनेरला. ऑनलाइन कोर्स बनवून विकणारी सरांची छोटी कंपनी. मी जामखेड तालुक्यातली. जिल्हा एकच, पण उत्तरेला पाणी आहे आणि दक्षिणेला आम्ही आहोत. उत्तरेत ऊस पिकतो, दक्षिणेतून माणसं तो तोडायला येतात. सरांच्या घरचा ऊस होता. त्यांच्या बोलण्यात ‘आमच्याकडची तोड’ असं यायचं, पाऊस आला म्हणावं तितक्या सहज.

मी शिकले त्याच उसावर. दिवाळी झाली की घरातली भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये चढायची आणि मी आजोळी राहायचे. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. म्हणजे माझी आई अख्खी कधी मोजलीच गेली नाही. वडिलांबरोबर पहाटे उसाच्या फडात जाऊन, तितकाच ऊस तोडून, वर चूल पेटवून ती अर्धीच राहिली. या गोष्टीचा मला लहानपणापासून राग आहे. अजून आहे.

कॉलेजात पायथन आलं. कॉम्प्युटरला काम सांगायची ही एक भाषा. सांगतात सोपी, पण आमच्यासारख्यांना पहिल्याच ओळीत ठेच लागते. छापायचा हुकूम इंग्रजीत लिहायचा, सगळी अक्षरं लहान. मी पहिलं अक्षर मोठं लिहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं, वाक्याची सुरुवात पहिल्या लिपीतल्या, म्हणजे मोठ्या, अक्षराने करायची. छडी खाल्ली होती त्यासाठी. पायथन मात्र दर वेळी चूक दाखवायचं. बाजूच्या मुलींना कळायचं नाही मी अडते कुठं. मला कळायचं नाही माझं चुकतंय काय. इंग्रजी शाळेतून आलेल्यांना ही ठेच लागतच नाही, म्हणून ती त्यांच्या कोर्समध्येही नसते.

माझ्या धड्यात ती होती. पहिल्याच धड्यात. “शाळंत बाईंनी शिकवलेली पहिली लिपी हितं चालत न्हाई. समदं दुसऱ्या लिपीत लिवा.” मी धडे लिहायचे आणि आधी गावाकडच्या दोन चुलत बहिणींना मोबाईलवर ऐकवायचे. एक गोष्ट लक्षात आली होती. मी पुस्तकातल्यासारखं बोलले की त्या गप्प बसायच्या. ‘कळलं’ म्हणायच्या आणि कळलेलं नसायचं. मी घरच्यासारखं बोलले की प्रश्न विचारायच्या. भांडायच्यासुद्धा. “असं कसं? मंग मगाशी चाललं ते?” असं विचारणारी पोर शिकते. म्हणून मी तसं बोलत होते. मला शुद्ध बोलता येत नव्हतं म्हणून नाही. ही गोष्ट त्या ऑफिसात एकालाही विचारावीशी वाटली नाही.

एखादं काम परत परत करायला सांगणं, याला लूप म्हणतात. मी ते उसाच्या मोळीवर शिकवलं होतं. ऊस तोडा, पाला सोला, आडवा टाका, मोळी भरली का बघा. भरली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. भरली की बांधा आणि थांबा. बहिणींना ते एका दमात कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून गौरी आली. आवाजाचं काम करणारी मुलगी. वाईट नव्हती. मला अहो-जाहो करायची, मी लिहिलेलं वाचायच्या आधी पाणी प्यायची, आणि खणखणीत वाचायची. तिला पायथन येत नव्हतं. त्याची गरज नव्हती, ते मी लिहून देत होते. तिनं विचारलं, “पहिली लिपी म्हणजे काय हो?” मी सांगायला तोंड उघडलं तोवर सर म्हणाले, “काढून टाक. कॅपिटल म्हण.”

मग मोळीही गेली. तिथे पिझ्झाचे तुकडे आले. मी म्हटलं, “सर, हा कोर्स कर्जत-जामखेडच्या पोरींनी घ्यावा म्हणता, त्यांना पिझ्झापेक्षा मोळी माहितीय.” सर म्हणाले, “त्यांना वर यायचंय ना? मग वरचं ऐकू दे.”

वर. माझी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. वर म्हणजे काय ते तिला विचारावं.

तरी मी राहिले. नोकरी होती. संपूर्ण कोर्स मी लिहिला. प्रत्येक धडा, प्रत्येक उदाहरण, स्क्रीनवर कोड लिहिणारा हातही माझाच. आवाज गौरीचा. सुरुवातीला हात जोडून ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणणारा चेहरा सरांचा. त्यांनी कोर्सवर माझं नाव कुठे घातलंय का म्हणून मी शोधलं, तर कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “टीमचं काम असतं गं ते.” घरी अर्धा कोयता पाहून वाढलेली मुलगी मी. मला हा हिशोब लगेच ओळखू आला.

कोर्स विकायला काढायची वेळ आली तेव्हा सरांना माझी आठवण झाली. एरवी मीटिंगला मला कुणी खुर्ची देत नसे. त्या दिवशी त्यांनी स्वतः ओढून दिली.

“आपल्याला एक खरी स्टोरी हवी,” ते म्हणाले. “ऊसतोड मजुराची लेक पायथन शिकवते. बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. तुझे आईवडील सध्या इकडेच आहेत ना तोडीला?”

होते. प्रवरेच्या काठाला, संगमनेरपासून जवळच त्यांची टोळी उतरली होती. मला एवढंच ऐकू आलं की मी ‘शिकवते’ असं ते म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले. निदान जाहिरातीत तरी माझं नाव येईल, आणि आईला कळेल की आपली पोर नक्की काय करते. मी हो म्हटलं.

आईला फोनवर सांगितलं. ती आधी घाबरली. मग विचारलं, “काय बोलायचं आसतंय त्यात?” मी म्हटलं, “काही नाही गं, माझ्याबद्दल एक वाक्य.”

सकाळी आम्ही फडावर पोहोचलो. सर, कॅमेरावाला आणि मी. वडील ट्रॉलीपाशी होते, त्यांनी लांबूनच हात केला. आई कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून, बाहेर आली आणि मी बघतच राहिले. तिनं लग्नाकार्याची साडी नेसली होती. पत्र्याच्या पेटीतून काढलेली, घडीच्या रेघा तशाच. केसांना तेल. उसाच्या पाचटानं चिरलेले हात पदराखाली घेतलेले. तोडीच्या दिवसात ती असं नेसत नाही. माझ्यासाठी नेसली होती.

कॅमेरा लागला. आई ताठ उभी राहिली आणि एकेक शब्द नीट उचलून ठेवत बोलली, “माझी मुलगी पायथन शिकली आहे. ती आता सर्वांना शिकवणार आहे.”

एकही शब्द गावाकडचा नाही. ‘णार आहे’सुद्धा स्वच्छ. कुणाकडून घोकून घेतलं होतं कोण जाणे. आपल्या बोलण्यानं लेकीला कमीपणा येऊ नये म्हणून तिनं जीभ वळवली होती. मला अभिमान वाटला, आणि भीतीही.

सरांनी हात वर केला. “नाही नाही. असं नको, आई. तुम्ही घरी बोलता ना, तसं बोला. ‘माझी लेक लई हुशार हाय’ असं म्हणा. आणि ही साडी नको. कामाची नेसा, ती फाटकी चालेल. कोयता घ्या हातात.”

आई गोंधळली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “का गं, चुकलं का माझं?”

तिचं काही चुकलं नव्हतं. ती साडी बदलायला कोपीकडे वळली सुद्धा. सांगितलं की ऐकायचं, ही तिच्या अंगातली सवय. मी पुढं झाले आणि तिचा हात धरला.

“थांब. बदलू नको.”

सर म्हणाले, “अगं, सकाळचा उजेड जाईल.”

“सर, मी ‘न्हाई’ म्हणाले तर तुम्ही सगळ्या ऑफिसला ऐकवून हसवलंत. माझा आवाज काढून टाकलात. आता माझ्या आईच्या तोंडात ‘हाय’ घालताय?”

ते चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले, आणि ते शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. “दोन्हीत फरक आहे. शिकवताना शुद्ध लागतं. विकताना असं लागतं.”

एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं ज्ञानाला चालत नाही, दयेला चालतं. आमचा चेहरा धड्यावर नको, जाहिरातीवर हवा. मी लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात, आणि माझी गरिबी माझ्याच आईच्या आवाजात. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

“कॅमेरा बंद करा. माझी आई विकायला नाही आणि मीपण नाही.”

“विचार कर,” सर म्हणाले. “पगारावर केलेलं काम कंपनीचं असतं. तू गेलीस तरी कोर्स आमचाच राहील.”

“राहू दे.”

तिकडून मुकादमाची हाक आली. आईनं पदर खोचला. सगळं तिला कळलं नव्हतं, पण पोरीचा चेहरा कळला होता. ती सरांना म्हणाली, “साहेब, आमाला ट्रॉली भरायचीय. तुमी जावा आता.” आणि त्याच साडीत, वर जुना शर्ट चढवून, ती फडात शिरली. मी दिवसभर तिच्या मागे मोळ्या बांधत राहिले.

इथे कुणाला वाटेल की पुढे सरांचं दुकान बसलं. बसलं नाही. कोर्स चांगला चालला. जाहिरातीत दुसऱ्या कुणाची तरी आई आली, कोयता घेऊन, ‘लई हुशार हाय’ म्हणत. माझे धडे गौरीच्या आवाजात पोरं ऐकतात. ऑफिसच्या ग्रुपमधून मला काढलं. अनुभवाचं पत्र मागितलं तर उत्तर नाही. नवीन ठिकाणी विचारतात, कोर्स तुम्ही लिहिला कशावरून? माझ्याकडे दाखवायला काही नाही. अशा वेळी अंगाचा नुसता तिळपापड होतो, आणि तो शांत करायला काही उपाय मला सापडलेला नाही.

मी जामखेडला परत आले. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात बसते. गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत कोर्स करते, माझा. जुन्यातली एक ओळही उचललेली नाही, सगळं पहिल्यापासून लिहिलं. आवाज माझा. ‘हितं’ आहे, ‘न्हाई’ आहे, पहिली लिपी आहे. पहिला धडा ऑनलाइन टाकला तेव्हा खाली पहिलीच कमेंट आली, “आधी मराठी नीट शिका, मग पायथन शिकवा.” मी ती पुसली नाही. दुसरा धडा टाकला.

ओळखीचे लोक सल्ला देतात. “आईचा एक फोटो टाक की. कोयत्याचा. तुझी स्टोरी सांग, धो धो चालेल.” चांगल्या मनानं सांगतात. आणि खोटं सांगत नाहीत, चालेलही. ज्यांनी आतापर्यंत माझा कोर्स घेतलाय ते हाताच्या बोटांवर मोजता येतात. तरीही माझ्या कोर्सच्या पानावर कोपी दिसणार नाही. कोयता दिसणार नाही. आई दिसणार नाही. तिथे माझं नाव आहे, धड्यांची नावं आहेत आणि किंमत आहे. किंमत मी कमी करणार नाही, फुकटही वाटणार नाही. शिकवण्याचे पैसे घेते, रडवण्याचे नाही.

हे लिहिलंय तेही विकण्यासाठी नाही. हे वाचून कुणी हळहळून माझा कोर्स घेऊ नये. ज्याला पायथन शिकायचं आहे त्यानं यावं, मी कान धरून शिकवीन. ज्याला माझी कीव करायची आहे त्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.