डाव्या हाताची खुर्ची

स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी हयात गेली. दिसली जागा की बसायचं, मग शेजारी कोण याची चौकशी. ऑनलाइन पोकरमध्येही मी तेच केलं. पैशाचा संबंध नव्हता, ॲप रोज सकाळी डावावर लावायच्या फुकट चिप्स द्यायचं आणि चहाच्या आत मी त्या वाटून मोकळा व्हायचो.

त्या रविवारी धायरीतल्या आमच्या हॉलमध्ये मेथी निवडताना बायकोनं निकाल दिला. "आज चार वाजेपर्यंत चिप्स संपल्या तर ते ॲप काढून टाकायचं. कायमचं."

मी बाणेदारपणे हो म्हणालो आणि स्क्रीनवरच्या पहिल्याच रिकाम्या खुर्चीकडे बोट नेलं.

"अहो, मेथी पहिल्याच गाळ्यावर घेता का?"

"घेतो."

"म्हणून तुम्हाला मंडईत पाठवत नाही मी."

बोट जागच्या जागी थांबलं. मग मी मंडईला फेरी मारावी तसा एकेक टेबल नुसता बघत फिरलो. एका टेबलावर सगळे मख्ख, पत्ते टाकून देणारे. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर मात्र एक महात्मा सापडला. पत्ते बघायच्या आत सगळ्या चिप्स पुढे लोटणारा.

त्याच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. हात शिवशिवले, पण डाव घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. उजवीकडे बसलो तर मी आधी चाल करणार आणि तो मागून धाडकन अंगावर येणार. डावीकडे बसलो तर आधी तो उघडा पडणार, मग मी ठरवणार. डावीकडची खुर्ची अडवलेली होती. आयुष्यात प्रथमच मी रिकामी जागा समोर असताना उभा राहिलो.

वीस मिनिटांनी डावीकडचा उठला. मी बसलो. पुढचा पाऊण तास पत्ते टाकतच होतो.

"खेळताय की झोपलात?" बायकोनं विचारलं.

"दबा धरलाय."

चाराला दहा कमी असताना माझ्या हातात दोन राजे आले. महात्म्यानं सवयीप्रमाणे सर्वस्व पुढे लोटलं. मीही लोटलं. बाकीच्यांनी पत्ते टाकले. त्याच्याकडे निघाली नव्वी आणि दुर्री. टेबलाच्या मधली, सगळ्यांना सामाईक असलेली पाचही पानं उघडली, त्यातलं एकही त्याच्या कामी आलं नाही. चिप्सचा अख्खा ढीग सरपटत माझ्याकडे आला. मी सोफ्यावर उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाला मुजरा केला.

चहा आला, आल्याचा. ॲप वाचलं होतं. मी बायकोला खुर्चीचं शास्त्र सविस्तर समजावलं: आक्रस्ताळ्या माणसाच्या नेहमी डावीकडे बसावं, म्हणजे त्यानं काय केलं ते बघून आपलं ठरवता येतं.

तिनं शांतपणे बशी खाली ठेवली. "माहितीये. सव्वीस वर्षं बसतेय."

तेव्हा कुठे मी मान वळवून बघितलं, ती कुठे बसली आहे ते.