सरांच्या शिफ्टवर चालणारा आमचा डान्स क्लास

सर कंपनीच्या बसमध्ये चढले, ते जिवंत उतरलेच नाहीत.

अटॅक. कुरकुंभ ते दौंड, तेवढ्याशा अंतरात.

आज वर्ष झालं.

आणि क्लासही बंद झाला. गेल्या रविवारी हॉलची किल्ली परत केली. मीच दिली. त्यामुळे "काकू, क्लास परत कधी?" असं इनबॉक्समध्ये विचारू नका. माझं डोकं फिरतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी सईची आई. दौंडला आमच्या पोरींचा डान्स क्लास होता. शिकवायचे विकास सर. कंपनीत ऑपरेटर. अंगाला केमिकलचा वास, पण नाचायला लागले की माणूस बघत राहायचा.

सरांची फर्स्ट शिफ्ट असली की क्लास संध्याकाळी. सेकंड असली की सकाळी सहाला, शाळेच्या आधी. नाइट असली की दुपारी, तांबडे डोळे घेऊन.

अख्ख्या गल्लीला सरांची शिफ्ट पाठ!

आमचे मिस्टर म्हणायचे, "माझी ड्युटी कधी विचारत नाहीस, सरांची बरी ठाऊक असते."

मी म्हणायचे, "तुम्ही नाचून दाखवा, तुमचीपण ठेवीन लक्षात."

पण क्लास म्हणजे एकटे सर नव्हते. हे आज सांगायलाच पाहिजे, नंतर कोण सांगणार?

शोभाताई जुन्या साड्या उसवून ग्रुपचे ड्रेस शिवायच्या. "एकीचा झ्याक झाला की दुसरी रडती, म्हणून सगळ्यांचे सारखेच वाईट शिवते," म्हणायच्या. वाईट कधीच नसायचे.

सलीममामा रिक्षातून पोरींना घरोघर सोडायचे. पोरगी दाराच्या आत गेल्याशिवाय रिक्षा हलायची नाही.

आणि आप्पा.

आप्पा म्हणजे ऋतुजाचे वडील. मोठे बागायतदार, शब्दाला वजन. सर तिला क्लासला पाठवा म्हणायला घरी गेले, तर आप्पा उंबऱ्यातच म्हणाले, "आमच्यात पोरी नाचत न्हाईत."

सर म्हणाले, "आप्पा, एकदा येऊन बसा. न्हाई पटलं तर घेऊन जावा पोरीला."

आप्पा आले. मागं खुर्ची टाकून बसले, तोंड हे एवढं! पुढच्या आठवड्यातही आले. मग एक दिवस स्पीकरची वायर ढिली झाली आणि आप्पा स्वतः उठले. तेव्हापासून स्पीकर आप्पांचा. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गाणं मध्येच बंद पडलं की सरांच्या आधी तेच ओरडायचे, "थांबू नगा गं, ताल धरा!"

सर गेले. दहावं-तेरावं झालं. क्लासचं कुणी काही बोललंच नव्हतं.

आणि सोमवारी सकाळी सहाला सगळ्या पोरी हॉलवर हजर.

का? तर त्या आठवड्यात सरांची सेकंड लागणार होती.

मेसेज नाही, काही नाही. सई म्हणाली, "आई, सेकंड आहे ना," आणि मी बावळट, वेणी घालून दिली तिची. हॉलवर पोचल्यावर लक्षात आलं सगळ्यांच्या. शोभाताईंनी पायरीवरच हंबरडा फोडला. सलीममामा रिक्षातून उतरलेच नाहीत.

तेव्हा ऋतुजा पुढं झाली. सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, कॉलेजला होती. डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, लाइनीत उभ्या राहा."

तिनं क्लास चालवला. खरंच चालवला हो! पोरी गॅदरिंगला नाचल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

मग ऋतुजाला निमोणे गावचं स्थळ आलं. ऋतुजानं मुलाला आधीच विचारलं, "लग्नानंतर अधूनमधून दौंडला क्लास घ्यायला आले तर चालेल?"

मुलगा म्हणाला, "बघू."

आपल्याकडं "बघू" म्हणजे काय, ते बाईला बरोबर कळतं.

मी तावातावानं आप्पांकडं गेले. म्हटलं, "आप्पा, तुम्ही बोला ना व्याह्यांशी. तुमचा शब्द कोण मोडणारे?"

आप्पा म्हणाले, "सर असते तर त्यास्नीच पुढं घातलं असतं. त्यास्नी बोलाया यायचं. मी पोरीचा बाप हाय आता, मान खाली घालूनच बसायचं." आणि रडायला लागले.

मला राग आला. आत्ताही आहे. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला काय बोलणार?

लग्न झालं. ऋतुजा गेली.

काही दिवस पोरी मोबाईलवर व्हिडिओ लावून नाचल्या. मग एकीची दहावी आली. एकीचे वडील म्हणाले, "शिकवाया कुणी न्हाई तर जायचं कशाला?" त्यांचं तरी काय चुकलं? शेवटी सई एकटी उरली. ग्रुप डान्स शिकलेली पोर, एकटी काय नाचणार कपाळ!

लोक म्हणतात, कला कुठं जात नाही. जाते. आमच्या डोळ्यांदेखत गेली.

आज सकाळी ऋतुजाला फोन केला. म्हटलं, सरांचं वर्ष आहे, त्यांच्या घरी येतेस का विचारावं. सासूबाईंनी उचलला.

"ती भाकरी करती. कोण बोलतंय? कुठले सर?"

"डान्स क्लासचे," मी म्हटलं. "ऋतुजा आमच्या पोरींना शिकवायची ना."

"डान्स? तसलं काय आम्हाला बोलली न्हाई ती कधी."

मागं भाकरी थापायचा आवाज थांबला. मग तो परत सुरू झाला, आणि मी फोन ठेवला.

सर, आम्हाला नाही जमलं. तुम्ही उभं केलेलं आम्हाला राखता आलं नाही.

माफ करा. या आता, सर.

सईची आई