चौदा गाठींचा दोरा

...तर चतुराबाईनं त्या दोऱ्याची एकसुद्धा गाठ सोडली नाही! काल मी नेमका इथवर आलो आणि वाशीमची एसटी लागली. तुम्ही अर्धी गोष्ट घेऊन गेलात, अर्धी माझ्याजवळ राहिली. बसा आता. काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागे जातो, नाहीतर दोरा कोणता आणि गाठी कशाच्या, काही उमजायचं नाही.

गोष्ट आमच्या रिठदच्या लिलाबाईची. आज सत्तरीला टेकलीय, गुडघे बोलतात, पण हात अजून तसेच. त्या हातांनी या भागातली किती गळवं धुतली, किती पोरांचे कान साफ केले, याचा हिशेब तिच्याकडेही नाही.

त्र्याऐंशी साल असेल. मिशनची पांढरी गाडी दर मंगळवारी आमच्या शाळेजवळच्या लिंबाखाली येऊ लागली. मिशन म्हणजे ख्रिस्ती लोकांची सेवा संस्था. त्यांचा छोटा दवाखाना दूर, पण गाडी गावोगाव फिरायची. गाडीत एक डॉक्टर, एक केरळच्या सिस्टर आणि चालवायला मोहनसिंग. सिस्टर उंचीनं माझ्या खांद्याला लागत नसत, तरी सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. माझे वडील आम्हाला दटावत, "त्या गाडीतलं पानी पिऊ नका रे, किरिस्ताव होसान." मी तर त्या गाडीतलं पाणी हंडाभर प्यालो असेन. हनुमान जयंतीच्या भजनात टाळ अजून माझाच असतो.

लिलाबाईचं पोर, सतीश, तेव्हा दोन वर्षांचं. हगवणीनं वाळून पार चिपाड झालेलं. तिनं ते आणून सिस्टरच्या मांडीवर ठेवलं. सिस्टरनी दिवसभर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. गाडी निघायची वेळ झाली, डॉक्टर घड्याळ पाहू लागले, तरी त्या उठेनात. दिवस कलताना पोर मुतलं, तेव्हा कुठं त्या उठल्या. मुतानं भिजलेला झगा तसाच घेऊन गाडीत बसल्या आणि हसत होत्या.

पुढच्या मंगळवारी गाडी यायच्या आधी लिलाबाई झाडू घेऊन लिंबाखाली हजर. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं जागा झाडली, पाणी शिंपडलं. तिसऱ्या मंगळवारी सिस्टरनी तिच्या हातात कापसाचा ट्रे दिला. तो ट्रे पुढं छत्तीस वर्षं सुटला नाही. नवरा इंद्रभान लोकांच्या वावरात राबायचा. तो चारचौघांत म्हणायचा, "घरातलं मीठ सरलं तं हिले ठाऊक नसते, पन गावातल्या कोनाच्या ढुंगनावर गळू हाय, थे बराबर ठाऊक असते!" पण मंगळवारी स्वयंपाक तोच करायचा, हेही सांगून ठेवतो.

लिलाबाईच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, गाडीत येशूचा. सिस्टरनी तिला कधी आमच्या प्रार्थनेला ये म्हटलं नाही. उलट बुद्धपौर्णिमेला खिरीसाठी दूध पाठवत.

आता दोरा. औषधाची पुडी दिली की सिस्टर केरळी मराठीत सांगायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. बाया मान हलवायच्या आणि घरी जाऊन एका दमात चार गोळ्या गिळायच्या, लवकर बरं वाटावं म्हणून. चिठ्ठी लिहून द्यावी तर वाचणार कोण? लिलाबाईला स्वतःलाच अक्षर येत नव्हतं. पण गोधडी शिवणारी बाई ती. तिनं पुडीभोवती पांढरा दोरा गुंडाळला, जितक्या गोळ्या तितक्या त्याला गाठी मारल्या. ओढली की सुटेल अशी सैल गाठ. एक गोळी गिळायची, एक गाठ सोडायची. दोरा सरळ झाला की औषध संपलं. मग तो सरळ दोरा परत गाडीवर आणून द्यायचा.

सिस्टरना ही युक्ती इतकी आवडली की आलेले दोरे त्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायच्या. डबा भरला की मोहनसिंग म्हणायचा, "सिस्टर, याची आता सतरंजी विणू का?"

आणि इथं आमच्या बबनरावांचं प्रकरण आलं. एक्क्याण्णव-ब्याण्णव असेल. बबनराव माझा शेजारी, वर्गमित्र, चाळीस एकराचा मालक. त्याला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, भरला. त्याची बायको चतुराबाई गाडीवर आली, पण लांब उभी राहिली. का, ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही. लिलाबाई बौद्धवाड्यातली. चतुराबाईनं चार हातांवरून पदर पसरला. लिलाबाईनं वरूनच पुडी त्यात टाकली. एकीनं विचारलं नाही, दुसरीनं सांगितलं नाही. चौदा गोळ्या, चौदा गाठी, पदरात पडल्या आणि घरी गेल्या.

चतुराबाईनं पाहिलं की दोऱ्याला गाठी आहेत. आमच्याकडं गाठीचा दोरा म्हणजे काय, ते तुम्हालाही ठाऊक आहे. तो मंतरलेला गंडा! तिनं दोरा अलगद काढला, हळद-कुंकू लावलं आणि बबनरावाच्या दंडावर बांधला. पुडी देवघरात ठेवली, समोर उदबत्ती लावली. गंड्याची गाठ कोणी सोडतं का?

पुढच्या मंगळवारी सरळ दोरा परत आला नाही. लिलाबाई वाट पाहत राहिली, मग सरळ बबनरावाच्या घरी गेली. त्या ओसरीवर ती आयुष्यात पहिल्यांदा चढली होती. आत बबनराव भट्टीसारखा तापलेला, बरळत होता. दंडावर चौदाच्या चौदा गाठी.

"चतुराबाई, ह्या सोडल्या काहून नाई?"

"तुमीच बांधून देल्या ना बाई? मंग मी कशी सोडू? गंडा सोडला तं उतार कसा पडन?"

लिलाबाईनं डोक्याला हात लावला. मोहनसिंगनं गाडी ओसरीला लावली. बबनरावाला आम्ही चौघांनी उचललं, त्यात एक हात लिलाबाईचा होता. त्या वेळी कोणाला शिवाशीव आठवली नाही. अठरा दिवस तो मिशनच्या खाटेवर पडून होता. वाचला, पण डावा कान गेला. आजही कोणी उसने बैल मागायला आलं की तो डावा कान पुढं करतो.

बबनराव हसून मोकळा झाला. लिलाबाई नाही झाली. त्यानंतर तिनं एकाही पुडीला दोरा बांधला नाही. सिस्टरनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ती एकच सांगायची, "माह्या गाठीनं मानूस मरत होता." ट्रे तिनं सोडला नाही, बरं का. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मिशनच्या पहिल्या गाडीत तीच होती. तिथं ट्रकभर साड्या आल्या होत्या, ब्लँकेटं आली होती, आणि लोक फुटक्या भिंतींवरून अनवाणी फिरत होते. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लिलाबाईनं आपल्या चपला एका बाईला दिल्या आणि मोहनसिंगला पिटाळलं, "सिस्टरले सांग, लुगडी बस्स झाली, पायतान पाठवा." पण तिथंही पुडीला दोरा नाही. सिस्टर वारल्या तेव्हा त्यांचा बिस्किटाचा डबा मोहनसिंगनं लिलाबाईला आणून दिला. तिनं तो फळीवर ठेवला आणि वर कापड टाकलं.

आता मागच्या पावसाळ्याकडं या. पैनगंगा फुगली, काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, सोयाबीन आडवं झालं. शे-दीडशे माणसं एका शाळेत येऊन राहिली. मिशनवाले पोचले होते. पण अडचण अशी झाली की म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या गोळ्या वाहून गेलेल्या. बीपीची कोणती, साखरेची कोणती, रंगावरून ओळखायचे ते, आणि नवीन गोळ्यांचे रंग वेगळे. चष्मे वाहून गेलेले. छापील कागद वाटले, त्यांचे लोकांनी चुलीला बोळे केले. एका म्हातारीनं साखरेच्या गोळ्या दोनदा घेतल्या आणि चक्कर येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावरून पांढरी गाडी गेली. गाडी नवी, आत मोहनसिंग जुनाच. त्याचा पोरगा चालवत होता, तो शेजारी बसून ब्रेक सांगत होता. गाडी लिलाबाईच्या दारात थांबली. मी पाठोपाठ गेलोच, असल्या जागी मी मागे राहत नाही.

"लिलाबाई," मोहनसिंग म्हणाला, "नव्या डॉक्टरीणबाई बोलावून राह्यल्या. म्हातारी मानसं गोयांत गोंधळून राह्यली. तुमचा दोरा पाह्यजे."

"जखमा धुतो. चाल. दोरा नाई."

"जखमेवाले तीन हायेत. गोयीवाले साठ!"

"मोहनसिंग, थ्या शायेत आनखी एखादा बबनराव निंघाला तं? मी हा भार घेऊन मरू का?"

सतीश तिथंच होता, त्याचा वेगळाच सूर. "आई, गुडघे धड नाईत तुवे. चिखलात कुठं जातं?" मोहनसिंग उंबऱ्यावर बसून राहिला. शाळेतली म्हातारी माणसं गोळ्या चाचपत बसलेली, आणि इथं ज्या बाईला उपाय ठाऊक तीच हात मागे घेऊन बसलेली. मी उठलो आणि बबनरावाकडं गेलो. त्याच्या उजव्या कानात सगळं ओरडून सांगितलं. तो काही बोलायच्या आत आतून चतुराबाई म्हणाली, "थांबा, मी येतो."

पेटीतून तिनं कापडाची एक घडी काढली आणि आम्ही तिघं बौद्धवाड्यात गेलो. चतुराबाई लिलाबाईच्या घरात शिरली, खाली सतरंजीवर बसली. चहा आला, प्याली. मग घडी उलगडली. आत तो दोरा! हळदीनं पिवळा, मळानं काळा, आणि चौदाच्या चौदा गाठी शाबूत.

"फेकला काहून नाई हा?" लिलाबाई म्हणाली.

"कशी फेकू? दवाखान्यात ह्यांच्या दंडावरून मी सोडला, तवा मले वाटे, चूक माही होती. पुसलं नाई मी. लांब उभी राह्यली. तोंडात जीभ होती, पन पदर पुढं केला. तू सांगतलं नाई, मी पुसलं नाई. दोऱ्याचा काय दोष व?"

लिलाबाईनं दोरा हातात घेतला. इतक्या वर्षांत गाठी दगडासारख्या झालेल्या. तिनं नखानं पहिली गाठ उकलायला घेतली. बराच वेळ लागला. पहिली सुटली, मग दुसरी. बबनराव उजवा कान पुढं करून म्हणाला, "लिलाबाई, आता चौदा गोया खाव्या लागतीन का मले?" तेव्हा ती हसली. तिला तोंडभरून हसताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

तिनं फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. "सतीश, माह्या चपला आन."

गाडीत मी, बबनराव, चतुराबाई, सगळेच बसलो. आमच्या गावानं भाकरीची पोती आणि ठेच्याचे डबे दिले होते, ते मांडीवर. शाळेत पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुड्या बांधून दिल्या, लिलाबाईनं जुन्या सिस्टरच्या दोऱ्यांनी त्या गुंडाळल्या. साखरेच्या गोळीचे दोरे तेवढे निळीत बुडवून घेतले, बीपीचे पांढरे ठेवले. तिची बोटं चालायला लागली की पाहत राहावं. चतुराबाई शेजारी बसून दोरे सुटे करून देत होती.

पहिली पुडी एका म्हातारीला गेली. वस्ती वाहून गेलेली, अंगावर कोणाचं तरी लुगडं. तिनं पुडी कपाळाला लावली. दोरा काढला आणि मनगटाला गुंडाळू लागली!

चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. लिलाबाईचा हात हवेतच राहिला, आणि मला वाटलं, संपलं, आता ही डबा बंद करून गाडीत जाऊन बसते.

म्हातारीनं वर पाहून विचारलं, "हा गंडा कोन्या देवाचा व बाई? मिशनवाल्याईच्या का आपल्या?"

लिलाबाई गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसली, अगदी तिला खेटून. तिचं मनगट आपल्या हातात घेतलं, दोरा सोडवला आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगतो:

"कोन्याच देवाचा नाई, माय. एक गाठ म्हंजे बीपीची एक गोयी, रोज सकायची. गोयी गियली का गाठ सोडाची. ही पयली माह्यासमोर गीय अन् माह्यासमोर सोड, तवरोक मी इथून उठत नाई. अन् काई समजलं नाई तं लांबून नोको पाहू, मले पूस."