शैलावहिनींची पांढरी घोडी

आमच्या नवीन जालन्यातल्या गल्लीत शैलावहिनी राहायला आल्या, त्या पहिल्याच सकाळी माझ्या दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा कोणत्या रंगाचा आहे, सांगा बरं?" ना ओळख, ना पाळख. मला वाटलं, बाई माझ्या धुण्याला नावं ठेवतेय. "पांढरा!" मी फणकाऱ्याने म्हणाले. "न्हाई हो. बाहीच्या आत निळा आहे. खाली भिंतीचा पिवळा चढलाय. नीट बघा." बघितलं, तर होता की निळा! इतकी वर्षं मी सदरे धूत आले आणि मला तो कधी दिसला नव्हता, याचाच मला धक्का बसला.

वहिनी मंठ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मुलीने पुण्याहून पाण्याच्या रंगपेन्सिलींचा डबा पाठवला, आणि बाई त्यात बुडाल्या त्या बुडाल्याच. या पेन्सिलींनी आधी कोरडंच रंगवायचं, रंगावर रंग चढवायचा आणि शेवटी ओला ब्रश फिरवायचा. मग सगळे थर विरघळून एक होतात. तोवर मात्र चित्र बघवत नाही. माझं चित्र काढलं तेव्हा गालावर हिरवा रंग बघून मी किंचाळलेच. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पाणी लागू द्या, मंग बोला." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी जाऊ भांडून माहेरी गेली, तेव्हाही मला हेच ऐकवलं होतं.

गल्लीच्या टोकाला बाबूभाई राहतात. त्यांची मोती नावाची पांढरीशुभ्र घोडी लग्नाच्या वरातीत चालायची, आणि एरवी वहिनींच्या दारासमोरच्या कडुलिंबाखाली बांधलेली असायची. ती गेली, तेव्हा बाबूभाई वहिनींकडे आले. "मॅडम, फोटो ढीगभर हायेत. पन सगळ्यात वर नवरदेव बसलेला. झूल, झालर, फुलं. नुस्ती मोती एकात बी न्हाई. मला नुस्ती मोती पाहिजे." वहिनी लगेच कामाला लागल्या. घोडी रोज डोळ्यांसमोर असायची, त्यांना फोटोची गरजच नव्हती.

बाबूभाईंना दम निघेना. एका संध्याकाळी ते चित्र बघायला आले. मी तिथेच बसले होते. कागदावर मोतीच्या मानेवर जांभळ्या-पिवळ्या रेघा होत्या, पोट मातकट पिवळं, पाय निळे. बाबूभाईंचा चेहरा उतरला. "हे काय केलं मॅडम? माझी मोती बिलकुल सफेद होती. हे तर..." त्यांनी कागदाकडे पाठ फिरवली. "मेल्यावर अशी दिसत होती ती."

एवढं बोलून ते निघालेच. वहिनी फाटकापर्यंत मागे धावल्या. "बाबूभाई, पाणी लागू द्या, मंग बोला!" ते वळले नाहीत. वहिनींना असं कावरंबावरं झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "सकाळच्या उजेडात पाणी लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना जल्दी घेऊन या. त्यांना त्यांची मोती दिसली पाहिजे."

सकाळी आधी मी वहिनींकडे डोकावले. त्या टेबलाशी बसल्या होत्या, मान जराशी कललेली. समोर वाटीभर स्वच्छ पाणी होतं, हातात ब्रश होता आणि तो कोरडा होता. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, तर अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काल संध्याकाळी माझ्याशी बोललेलं माणूस!

खांदा द्यायला बाबूभाई होते. मुलगी आली, सगळं आटोपलं. स्मशानातून परतल्यावर बाबूभाईंनी वहिनींच्या अंगणातल्या नळावर हातपाय धुतले आणि ते आत आले. चित्र टेबलावर तसंच होतं. त्यांना पुन्हा दिसायला नको म्हणून मी झाकायला उठले, पण तोवर ते तिथे पोचले होते. रोज मोतीच्या मानेवरून फिरवायचे तसाच त्यांनी चित्रातल्या मानेवरून हात फिरवला.

"अहो, हात ओला आहे!" मी ओरडले.

बाबूभाईंनी चटका बसल्यासारखा हात उचलला. जांभळा आणि पिवळा एकमेकांत विरघळून मानेखाली हलकीशी राखाडी सावली झाली होती, आणि त्या सावलीमुळे मधे सोडलेला कोरा कागद उजळून आला होता. तळहाताएवढीच जागा, पण ती मोतीची मान होती. पांढरीशुभ्र, जिवंत. मी डबा उघडून बघितला. पांढऱ्या पेन्सिलीला टोकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मी ब्रश त्यांच्यापुढे धरला. "बाकीचं तुम्हीच करा."

"न्हाई ताई. राहू द्या." त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला आणि ते वहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून उभे राहिले.

"लागलं पाणी, मॅडम," ते म्हणाले. "दिसली."