आडनावासकट हाक

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. ज्यांची ही हकीकत, ते जाऊनही आता दोन वर्षं झाली, तेव्हा सांगतोच: अख्ख्या सदाशिव पेठेत पुस्तक न उघडता एक्सक्वेरी शिकलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

अमरावतीकडचे हे गृहस्थ आमच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. मालकांनी छापखाना मोडून संगणक मांडले आणि आम्ही दोघं पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झालो. परदेशी ग्रंथांचा मजकूर नावं दिलेल्या कप्प्यांत भरायचा, ते एक्सएमएल. त्यातून हवं ते विचारून काढायची भाषा म्हणजे एक्सक्वेरी. मी जाडजूड पुस्तकावरून टिपणं काढत बसलो. त्यांनी सरावासाठी घरच्या फडताळातले डबे एक्सएमएलमध्ये उतरवले आणि प्रश्न विचारत सुटले. वाटीभर तूरडाळ मागितली तर सगळं फडताळ बाहेर आलं, तरी खूश. एकदा मेथ्या संपल्याचा शोध लागला म्हणून त्यांनी कचेरीतून घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "मले इचारलं असतं त कालच सांगतलं असतं." मालक म्हणायचे, "इथे पगार उत्तरांचा मिळतो, प्रश्नांचा नाही." यावर हे शांतपणे, "उत्तर चुकलं तरी प्रश्न कळते ना जी."

एकदा परदेशी गिऱ्हाइकाची नवी फाइल आली. काहीही विचारा, उत्तर रिकामं. तीन दिवस गेले. फाइलच बिघडली आहे, असा निकाल मी दिला. ते मात्र प्रुफं तपासावीत तसे एकेक ओळ काढून तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिले. अगदी पहिली ओळ काढली आणि उत्तरं धडाधड आली. त्या ओळीने सगळ्या कप्प्यांना एक कूळ लावून दिलं होतं. "भाऊ, इथं सगळ्यांले आडनाव हाये. आपण नुसत्या नावानं हाका मारून राहिलो."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर हे मी समजावून सांगितलं, माझा शोध म्हणून. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मी विभागप्रमुख झालो. मग मालकांनी विचारलं, "यांचा संगणकावर काही उपयोग आहे का?" मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो. त्यांची येरवड्याच्या गोदामात बदली झाली. निघताना ते म्हणाले, "तुम्ही चांगलं समजावलं भाऊ. मले नसतं जमलं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर माफी मागायला म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी जावयाशी ओळख करून दिली, "हे आमचे साहेब. ते आडनावाचं कोडं यांनीच सोडवलं." मी चहा प्यायलो. दारात ते माझी चप्पल सरळ करून द्यायला वाकले. 'तो शोध तुमचा होता, मी चोरला,' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "येतो."