घोळीवरचं फुलपाखरू

अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, तळ्याच्या पाळीखालच्या गावात कुंदाबाई राहायला आली ती कपाळभर कुंकू नि हातभर हिरव्या बांगड्या लेऊनच. "मालक नागपूरच्या गिरणीत आहेत," म्हणायची. कुठले मालक! ते सासरी तापानं गेले, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. पण एकट्या विधवेचं दार म्हणजे गावजेवणाचा मांडव समजणाऱ्या मेल्यांची कुठे वाण असते? सख्ख्या दिरानंच तिला हे शिकवलं होतं. म्हणून ती गाव सोडून आली, आणि खोट्या कुंकवाच्या जोरावर निर्धास्त धानाच्या रोवण्याला जाऊ लागली.

घरामागे घोळीची भाजी पसरलेली. तिच्यावर केशरी फुलपाखरं अंडी घालायला येत. हुबेहूब तशीच कुंपणाच्या रुईवरही असत. रुईवरचं एक कोतवाल पक्ष्यानं धरलं नि लगेच थुंकून टाकलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. घोळ तर आपण रोज खातो. तिच्यावर पोसलेल्यात कसला आलाय कडूपणा? पण रंगाच्या धाकानं पक्षी त्याच्याही वाटेला जात नसत. "तू माझीच बहीण गं," कुंदाबाई म्हणायची. तिच्या या बहिणीचा जोडीदार मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके. केशरी काही दिसलं की तो अगदी जवळ जाऊन पाही. रुईवरचं असलं तर परते, घोळीवरचं असलं तर सोबत उडे.

तळ्याचं पाणी धानाच्या बांध्यांना सोडायचं काम उमरावकडे. बायको वारलेला, सरळ माणूस. त्यानं एकदाच विचारलं, "मालक कवा येतेत, वहिनी?"

"दिवाळीले," ती बोलून गेली.

तेव्हापासून तो दहा हात लांबूनच बोले. कुंदाबाईचा त्याच्यावर जीव जडला होता. तिच्या जातीत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात लाज कसली? पण आपल्या तोंडानं खोटं उघडं करायची छाती होईना. त्या काळ्या फुलपाखराला कळतं तसं यालाही कळेल, असं तिला वाटे. अशा किती दिवाळ्या गेल्या.

मग एका सकाळी उमराव अंगणाबाहेर उभा. "पाट लावून राहिलो, वहिनी. मुर्री गावची बाई आहे. मालक आले तं दोघंबी या."

कुंदाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "मालक कवाचेच गेले, उमरावभाऊ. मी इथं आली त्याच्या आधीच."

तो मटकन खाली बसला. "काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले समजन वाटलं."

"कसं समजन? दुसऱ्याच्या बाईजवळ जानारा मानूस आहो का मी?"

त्याचा चांगुलपणाच आडवा आला हो! मुर्रीला शब्द गेला होता. शब्द मोडणारा असता तर तो तिला आवडलाच नसता.

पाळीवरून बाया रोवण्याला निघाल्या, तसा तो उठला. "मी कोनाले नाही सांगन," म्हणाला. "कुंकू लावून घ्या, वहिनी. लोकं येऊन राहिले."

ती आत गेली नि तिनं कुंकू लावलं.